आधी काय काढावे, मग काय जाळावे

उसाचा रस काढून घेतल्यावर जे उरते त्याला आपण चिपाड म्हणतो. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओले चिपाड निघते. साखर कारखाना ते बॉयलरखाली जाळतो, आणि हा व्यवहार काही उधळपट्टीचा नव्हे. त्याच वाफेवर साखर होते, वीजही निघते. परंतु जाळण्यापूर्वी त्यातून आणखी काही पदरात पाडून घेता येईल काय, हे पाहिले पाहिजे.

वनस्पतीच्या काष्ठमय भागात मुख्यत्वे तीन द्रव्ये असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. नुसती उष्णता दिली तर तिन्हींची एकदमच मोडतोड होते. कोळशाच्या भट्टीत कोळसा, डांबर, आम्ले आणि धूर यांची सरमिसळ होते ती यामुळेच. उष्णतेला दिशा नसते. ती उत्प्रेरक देतो. डोंगर माथ्यावरून ओलांडणे आणि खिंडीतून पलीकडे जाणे यांत जो भेद, तोच येथे समजावा. खिंडीने श्रम वाचतात आणि आपण कोणत्या गावी उतरणार हेही ठरते. खिंड मात्र जागच्या जागी राहते.

फुरफुराल हे याचे जुने उदाहरण होय. जर्मनीतील येना येथील रसायनज्ञ डोबेरायनर यांना फॉर्मिक आम्ल तयार करताना हे तेल अल्प प्रमाणात मिळाले. ते त्यांनी १८३२ साली जाहीर केले. पुढे ते कोंड्यापासूनही निघू लागले, आणि कोंड्याच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले. तथापि मोठ्या प्रमाणावर ते तयार होऊ लागले १९२२ साली. अमेरिकेत सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीजवळ ओट धान्याच्या टरफलांचे ढीग होते. टरफलांना सौम्य गंधकाम्ल लावून बंद पात्रात दाबाखाली वाफ सोडली, की आम्लामुळे हेमिसेल्युलोज तुटून झायलोज नावाची साखर होते. तिच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू गेले की उरते फुरफुराल. हिशेबाने १५० किलो झायलोजपासून ९६ किलो मिळावे. प्रत्यक्षात पुष्कळ कमी मिळते. कारण ज्या आम्लाने ते घडविले, तेच आम्ल त्याची पुढे राळ करून टाकते. म्हणून वाफेबरोबर ते तत्काळ बाहेर काढावे लागते. वंगणतेल शुद्ध करण्यास आणि ओतकामाच्या साच्यांतील वाळू बांधणारी राळ करण्यास ते उपयोगी पडते.

आता झिओलाइटसारखे घन उत्प्रेरकही हाती आले आहेत. हवा न लागू देता सुमारे ५०० अंश सेल्सिअसला लाकूड तापवून निघणारी वाफ त्यांवरून नेली, तर खनिज तेलातून मिळणारी बेंझीन, टोल्युइन ही द्रव्ये मिळतात. अडचण एवढीच, की उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत कार्बन साचतो व तो वरचेवर जाळून काढावा लागतो.

तेव्हा चिपाडातील रसायन फुकटचे नाही. ते काढण्यास वाफ लागते आणि वाफेस इंधन. पण फुरफुराल काढल्यावर उरणारा चोथा वाळवून बॉयलरखाली घालता येतो. म्हणून जाळावे की न जाळावे, असा हा प्रश्नच नव्हे. आधी काय काढून घ्यावे आणि मग काय जाळावे, याचा हिशेब आपण मांडावयास हवा.