मुलांच्या हातीं जीवाश्म

पदार्थसंग्रहालय म्हटलें कीं कांचेचीं कपाटें आठवतात आणि त्यांवरील ‘हात लावूं नये’ ही पाटी. केवळ मुलांकरितां असें पहिलें संग्रहालय १८९९ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत उघडलें, तेव्हांपासून ही पाटी हळूहळू मागें हटत आहे. भूस्तरशास्त्राच्या बाबतींत तर ती हटणें अवश्यच आहे. कारण दगड हा नुसत्या डोळ्यांनीं कळणारा पदार्थ नव्हे.

गारगोटी आणि कॅल्साइट हे दोन पांढरे खडे शेजारीं ठेवले तर मूल गोंधळतें. परंतु गारगोटीनें कांचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटनें उठत नाहीं. उलट कॅल्साइटच्या भुकटीवर शिरका टाकला कीं बारीक बुडबुडे येतात. सांपडलेला तुकडा हाड कीं दगड हें पाहण्यासाठीं संशोधक तो जिभेलाही लावतात. हाडांतील सूक्ष्म छिद्रांमुळें तें जिभेला चिकटतें. (घरोघरच्या मातांनीं हें वाक्य मुलांपासून लपवून ठेवावें!)

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मँटुआ येथें एक जुनी खाण आहे. पाणी शुद्ध करण्याच्या कामीं येणारी हिरवी वाळू तेथून काढीत असत. तिच्या तळाशीं सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या काळचा, समुद्रजीवांच्या अवशेषांनीं भरलेला थर आहे. २०१२ पासून ठराविक दिवशीं तेथें लोकांना उत्खननास बोलावण्यांत येऊं लागलें. पुढें रोवन विद्यापीठानें ती जागा घेतली आणि मार्च २०२५ मध्यें तेथें संग्रहालय उघडलें. मुलें मातींत गुडघे टेकून बसतात, आणि शार्कचा दांत किंवा एखादा शिंपला सांपडला तर तो घरींही नेतात.

यावर एक आक्षेप आहे व तो हलका नाहीं. जीवाश्माचें निम्में मोल तो कोणत्या थरांत, कोणाच्या शेजारीं, कसा पडला होता यांत असतें. नोंद न करितां तो उचलला कीं मुका झाला. म्हणून हाडांचा मुख्य थर संशोधकांकडेच ठेवला आहे, आणि मुलांच्या वाट्यास येतात ते विपुल आढळणारे सामान्य अवशेष. हा विवेक मला योग्य वाटतो; मात्र दांताबरोबर मुलाच्या हातीं एक चिठ्ठीही द्यावी: कोठें, केव्हां, किती खोल. दांत हरवला तर हरवो, चिठ्ठीची संवय राहावी.

त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्हाचे पूर एकामागून एक पसरत होते. सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. तप्त लाव्हांत जीवाश्म शोधणें व्यर्थ. परंतु दोन पुरांच्या मधल्या शांततेंत तळीं सांचत, आणि त्यांच्या गाळांत गोगलगाई व वनस्पतींचे अवशेष राहत. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे अवशेष जमविले. पुण्याच्या मुलाला तेवढ्या दूर जाण्याचें कारण नाहीं. कातळांतील पोकळ्या म्हणजे लाव्हांतल्या वायूचे बुडबुडे. त्यांत पुढें पाण्यानें पांढरे झिओलाइट घडविले. बुडबुडे वर चढत असल्यानें त्यांची दाटी प्रवाहाच्या माथ्याशीं अधिक होते. तेव्हां एखाद्या कड्यावर ही दाटी पाहून एक पूर कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला, हें मुलाला स्वतःच्या बोटानें दाखवितां येतें.