दिवा गेला म्हणजे काय गेले?

आपल्या बोलण्यात एक गमतीचा घोटाळा आहे. साऱ्या गावाची वीज बंद पडली तरी आपण ‘दिवे गेले’ म्हणतो, आणि स्वयंपाकघरातला एकच बल्ब विझला तरी ‘दिवा गेला’ असेच म्हणतो. बोलण्यापुरता हा घोटाळा चालून जातो. पण तो डोक्यात राहिला की गृहस्थ लोखंडी स्टुलावर चढतात, ‘दिवा गेलाच आहे, मग वीज कुठली?’ असे म्हणत होल्डरात बोट घालतात, आणि प्राणास मुकतात. दिवा विझणे आणि वीज नसणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. आज मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

घरातल्या दिव्यापर्यंत दोन तारा जातात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेज आणि जमीन यांच्यात सुमारे २३० व्होल्टांचा दाब असतो. न्यूट्रल ही तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते, म्हणून तिच्यावर एरवी दाब नसल्यातच जमा. फेजमधून बटण, बटणातून बल्ब, बल्बातून न्यूट्रल अशी वाट अखंड असली की दिवा लागतो. ती कोठेही तुटली की विझतो. मात्र तुटीच्या अलीकडे, म्हणजे फेजच्या बाजूला, दाब जसाच्या तसा उभा असतो. नळाची तोटी बंद केली म्हणून नळात पाणी नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा शोध घ्यावयाचा तो तुटीचा, आणि तो दुरून जवळ येत घ्यावा. शेजारी उजेड आहे का? आपल्या घरात इतर खोल्यांत आहे का? एकाच खोलीतले सगळे बंद असेल तर त्या खोलीचा फ्यूज अथवा एमसीबी पाहावा. पडलेला एमसीबी एकदा वर करून पाहण्यास हरकत नाही. तो पुन्हा पडला तर मात्र त्याच्याशी कुस्ती खेळू नये. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळण्याची एक जुनी खोड आपल्याकडे आहे. पहारेकऱ्याने ओरडू नये म्हणून त्याचे तोंड बांधण्यातलाच तो प्रकार.

एकच दिवा गेला असेल तर बहुधा बल्बच दोषी असतो. येथे एक छोटी युक्ती सांगतो. संशयित होल्डरात नवा बल्ब घालून पाहण्यापेक्षा संशयित बल्ब दुसऱ्या चालू होल्डरात लावून पाहावा. तेथे तो लागला की बल्ब निर्दोष सुटला. पूर्वीच्या तारेच्या बल्बात तुटलेली तार दिसत तरी असे. एलईडी बल्बाच्या पोटातील मंडल जळते, ते बाहेरून ओळखू येत नाही.

बल्ब चांगला निघाला तर पुढचा संशय होल्डरावर. आपल्याकडील खटक्याच्या होल्डरात स्प्रिंगवरच्या दोन पिना असतात. त्या उष्णतेने व ठिणग्यांनी झिजतात, आत दबून बसतात, आणि बल्बाच्या बुडाला पोहोचतच नाहीत. याच पिना बोटाने वर ओढण्याचा मोह होतो, आणि याच ठिकाणी माणसे दगावतात.

किती विजेने माणूस दगावतो? एक मिलीअँपिअर प्रवाहाची मुंगी जाणवते. दहाच्या पुढे स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. पन्नास ते शंभर छातीतून काही क्षण वाहिले तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. आता १५ वॅटचा देवघरातला मिणमिणता बल्ब घ्या. तो सुमारे ६५ मिलीअँपिअर घेतो! आणि आपला ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअरचा. माणूस चिकटून राहिला तरी त्याला पत्ताही लागत नाही. तो राखण करतो तारांची, आपली नव्हे.

‘पण मी टेस्टर लावून पाहतो’ असे कोणी म्हणेल. टेस्टर मोठा उपयोगी, पण त्याची भाषा समजली पाहिजे. तो पेटतो तो आपल्या देहातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर. म्हणून तर त्याच्या टोकाला बोट लावावे लागते. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, कोरड्या लाकडावर उभे राहिल्यास तो मंद होतो. म्हणून तो आधी चालू प्लगात पेटवून पाहावा, मग दिव्याच्या तारांना लावावा, आणि पुन्हा प्लगात. तो पेटला नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नये. मेन स्विच बंद करावा तो करावाच.

कधी कधी बल्ब लागत नाही, आणि टेस्टर मात्र दोन्ही तारांवर पेटतो. हे भुताटकीचे नव्हे, न्यूट्रल तुटल्याचे चिन्ह. फेजचा दाब बल्बातून पलीकडच्या तारेवर येऊन थबकला आहे. दिवा काळोखा, आणि दोन्ही तारा जिवंत! हीच न्यूट्रल इमारतीच्या मुख्य जोडणीत तुटली तर काही घरांतले दिवे मंदावतात आणि काहींतले डोळे दिपावेत असे प्रखर होतात. तसे दिसताच दुसरे काही न पाहता मेन बंद करावा.

आणखी एक खूण. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा रात्री फिकट मिणमिणतो. कधी बटणातला निऑनचा ठिपका याचे कारण असतो, कधी शेजारून जाणाऱ्या तारांचा परिणाम. पण कधी वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. अशा घरात बटण बंद केले तरी होल्डर जिवंतच. वायरमन पुढच्या खेपेस येईल तेव्हा त्याच्याकडून प्रत्येक बटण कोणत्या तारेवर आहे ते तपासून घ्यावे.

माणसाची राखण करणारे यंत्र म्हणजे आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह ते सारखे ताडून पाहते. फार तर ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की ते वारंवार पडते आणि लोक वैतागून काढून टाकतात. वस्तुतः ते तेव्हा खरे बोलत असते. त्यावर ‘टी’ अक्षराचे एक लहानसे बटण असते. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबावे. खटकन वीज गेली तर यंत्र शाबूत आहे. न गेल्यास ते त्याच आठवड्यात बदलून घ्यावे.