संशय घरातच असतो

मानसशास्त्रीय थरारपट म्हटलं की हिचकॉकचा ‘सायको’ (1960) आठवतो. पण मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) आहेच! पत्नी गमावलेला वकील, आणि कोर्टात आरोपी म्हणून उभी तिच्याचसारखी दिसणारी बाई. ती दोघांच्या संसारातल्या खासगी गोष्टी सांगू लागते, तसा त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. इथे सुरी-पिस्तुलाची भीती नाही. आपलं माणूस आपण ओळखतो का, ही धास्ती आहे. ‘पाठलाग’वरूनच हिंदीत ‘मेरा साया’ (1966) आला. मराठीतल्याच ‘सविता दामोदर परांजपे’ (2018) या चित्रपटात कोडं आहे ते झपाटलेपण की मनोविकार, हे. हे चित्रपट भाईंदर लोकलच्या गर्दीत मोबाइलवर नकोत. रात्री, घरी, सलग पाहा.