कॉलरचा डाग आणि शर्टाचे आयुष्य

पेढीवर दिवसभर बसणाऱ्या व्यापाऱ्याचा पांढरा शर्ट प्रथम विटतो तो कॉलर आणि कफांपाशी. पुष्कळदा डागापेक्षा ब्रशच्या घासणीनेच कापड अधिक झिजते. वास्तविक हा डाग केवळ धुळीचा नसतो. त्वचेतून स्रवणारे तेल, घाम आणि मृत त्वचेचे कण धाग्यांत मुरतात व त्यांवर धूळ बसते. तेल नुसत्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून शर्ट भिजवण्यापूर्वी कोरड्या कॉलरवर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थेंब बोटाने हलकेच चोळावेत आणि अर्ध्या तासाने शर्ट नेहमीप्रमाणे धुवावा.

पांढऱ्या सुती कापडावरील जुन्या पिवळेपणासाठी ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड व खाण्याचा सोडा यांचा लेप अर्धा तास ठेवावा. रंगीत वा रेशमी वस्त्रांवर तो लावू नये. क्लोरीनच्या ब्लीचने घामाचा डाग उलट अधिक पिवळा होऊ शकतो.

डाग पूर्ण निघेपर्यंत इस्त्री टाळावी; उष्णतेने तो पक्का होतो. पूर्वी शिंपी झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवून देत. शर्टाचे आयुष्य वाढवणारी ती काटकसर आज धुण्यापूर्वीच्या पाच मिनिटांच्या निगेने साधता येते.