मोठे टायर आणि त्रैराशिक

अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें आपल्या 2015 सालच्या रँग्लर रुबिकॉन जीपगाडीस 32 इंचांऐवजीं 35 इंच व्यासाचे टायर बसविले. गाडी भारदस्त दिसूं लागली खरी, पण चढावर तिला धाप लागूं लागली. दोष इंजिनाचा नव्हे. हें साधें त्रैराशिक आहे.

चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत अंतर अधिक तुटतें, म्हणून जोर कमी पडतो. या गाडींत चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे 4.10 फेरे होतात. 4.10 ला 35 नें गुणून 32 नें भागिलें असतां 4.48 येतात, बाजारांत मिळणारें जवळचें प्रमाण 4.56. त्या प्रमाणाचीं दंतचक्रें बसविलीं कीं गेलेलें बळ परत येतें.

पुतण्या खर्च वांचविण्यासाठीं केवळ मागील आंसाचीं चक्रें बदलून, मुलांबाळांसह डोंगरांत जाणार होता! आम्हीं त्यास तत्काळ थांबविलें. पुढील व मागील प्रमाण भिन्न असल्यास चारी चाकें जोडतांच दोन्ही आंस एकमेकांशीं झगडतात व यंत्र मोडण्याचें भय असतें. शिवाय, नवे टायर बसविल्यापासून कांटा 64 मैल दाखवी, तेव्हां गाडी 70 मैलांच्या वेगानें धांवत असे. म्हणून टायर व चक्रें या दोहोंचीं नवीं मापें गाडीच्या संगणकासही द्यावयास हवींत.

बाहेरचा डौल वाढविणाऱ्यानें आंतील जोडणी आधीं पाहावी, हें गृहस्थाश्रमासही लागू आहे.