तीन मोटरींचं रॉकेट

रॉकेट म्हटलं की आपल्याला दिवाळीत बाटलीत उभं करून उडवायचं रॉकेटच आठवतं. अमेरिकेत मात्र मॉडेल रॉकेट हा मुलांचा चांगला रुजलेला छंद आहे. १९५७ साली स्पुटनिक उडालं आणि तिथली मुलं घरीच दारू भरून रॉकेटं बनवू लागली, जखमी होऊ लागली. त्यावर उपाय म्हणजे कारखान्यात तयार झालेली, एकदाच वापरायची मोटर. १९५८ साली व्हर्न आणि ग्लेडा एस्टेस या दांपत्याने कोलोरॅडोत हा व्यवसाय सुरू केला.

माझी लेक त्याच कोलोरॅडोत राहते. गेल्या खेपेला चौदा वर्षांच्या नातीने हट्टच धरला, ‘‘एका मोटरीच्या किटला तीन मोटरी लावायच्या!’’ लेक म्हणाली, ‘‘मुळीच नाही. भाजलं-बिजलं तर?’’ शेवटी तोडगा निघाला. प्रत्येक पायरी नातीने आम्हा दोघींना समजावून सांगायची. पटली तरच पुढे जायचं.

तिच्या किटची पुठ्ठ्याची नळी होती सुमारे ४१ मिलिमीटर रुंद. मधली एकच नळी न बसवता तिने १८ मिलिमीटर मोटरींच्या तीन नळ्या त्रिकोणात चिकटवल्या. त्या आत अगदी घट्ट बसल्या. मधल्या फटी टिश्यू पेपर गोंदात भिजवून बुजवल्या. कारण वर गेल्यावर मोटरीतला शेवटचा छोटा स्फोट पॅराशूट बाहेर ढकलतो. फट राहिली तर तो दाब मागूनच निसटतो.

‘‘मागे दोन मोटरींचं वजन वाढलं, मग शेपूट जड नाही का होणार?’’ लेकीने विचारलं. त्यासाठी टोकात मातीचा गोळा भरला. मोटरी बसवून, तोल साधतो तिथे दोरी बांधून नातीने रॉकेट डोक्यावर गरगर फिरवलं. टोक पुढेच राहिलं, म्हणजे सरळ उडणार.

खरी मेख पेटवण्यात. तिन्ही मोटरी एकाच क्षणी पेटायला हव्यात. एक जरी मागे राहिली तर जोर एकाच बाजूला पडतो आणि रॉकेट वाकडं जातं. त्यामुळे तिन्ही पेटवण्या समांतर जोडायच्या. माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझते ना, तशी जोडणी इथे चालत नाही. वीजही तिप्पट लागते, म्हणून लहान सेलऐवजी १२ व्होल्टची बॅटरी. तीन ‘सी’ मोटरींची शक्ती मिळून ‘ई’ वर्गात जाते, त्यामुळे उभं राहायचं अंतरही १५ फुटांवरून ३० फूट.

मैदानावर उलटी मोजणी झाली, बटण दाबलं आणि... काहीच नाही! मी पुढे पाऊल टाकणार तोच नातीने हात धरला. ‘‘आजी, थांब!’’ तिने आधी सुरक्षा-किल्ली काढली आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. एक चिमटा खालच्या पत्र्याला टेकला होता. तो नीट लावून तिने पुन्हा मोजणी केली. या वेळी तिन्ही मोटरी एकदम पेटल्या आणि रॉकेट सरळ वर गेलं. पॅराशूट उघडलं तेव्हा माझ्या लेकीनेच सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

मैत्रिणींनो, दिवाळीची रॉकेटं एकत्र बांधून हा प्रयोग कृपा करून करू नका, त्यांचा काही भरवसा नसतो. पण मुलीने असं काही धाडसाचं मागितलं, तर ‘नाही’ म्हणण्याआधी तिला ‘कसं करशील ते सांग’ असं जरूर विचारा. परतीच्या वाटेवर लेक मला म्हणाली, ‘‘आई, ते एक मिनिट ती थांबली ना, तेव्हा माझी भीती गेली.’’