पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कोळंबीत शिरतो कसा?

ठिपके दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो

पहाटे खाद्य तपासायचा चेक ट्रे पाण्यातून वर ओढला आणि रात्रीचं खाद्य तसंच पडलेलं दिसलं, की कोळंबी पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बांधाकडेला एखादी कोळंबी सुस्त पडलेली असते. तिच्या डोक्यावरचं कवच नखाने सोलून उजेडात धरलं, तर आतल्या बाजूला अर्ध्या ते तीन मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे विषाणू नव्हे. कवचाखालची त्वचा बिघडली, की कॅल्शियमचे क्षार भलत्या जागी साचतात, त्याच्या या खुणा. त्या उमटेपर्यंत विषाणूने आत बस्तान बसवलेलं असतं आणि तीन ते दहा दिवसांत तलाव रिकामा होऊ शकतो. (खाऱ्या पाण्यातल्या काही जिवाणूंमुळेही असे ठिपके येतात, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर तपासणी करावीच.)

हा रोग १९९२च्या सुमारास तैवान आणि चीनमध्ये दिसला. १९९४ साली तो भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आणि टायगर कोळंबीचे तलावच्या तलाव बसले.

पकड कशी बसते?

लांबट अंड्यासारखा, एका टोकाला शेपटीसारखा धागा असलेला हा विषाणू. त्याच्या डीएनएची लांबी सुमारे तीन लाख बेस जोड्या, म्हणजे विषाणूंमध्ये तो मोठाच म्हणायचा. बाहेरून स्निग्ध आवरण आणि त्यात रोवलेली प्रथिनं. त्यांतलं व्हीपी२८ सर्वांत मुबलक.

व्हीपी२८ कोळंबीच्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण एक कुलूप, एक किल्ली असा हा साधा मामला नाही. आवरणातल्या काही प्रथिनांमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लं ओळीने येतात. पेशी ज्या इंटिग्रिन रेणूंच्या आधारे आजूबाजूच्या ऊतीला धरून राहतात, त्या इंटिग्रिनला नेमकी हीच ओळ ओळखता येते. शरीर बांधून ठेवणारा हात विषाणू आपल्यासाठी वापरतो, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. व्हीपी२४ हे दुसरं प्रथिन कायटिनला बिलगतं, आणि कोळंबीचं कवच तर कायटिनचंच.

एकदा चिकटला, की पेशी स्वतःच त्याला पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवी आम्लधर्मी होते, विषाणूचं आवरण तिच्या पडद्यात मिसळतं आणि डीएनए पेशीकेंद्राकडे निघतो.

कुठे शिरतो, कुठे नाही

कल्ले, कवचाखालची त्वचा, जठराचं अस्तर, रक्तपेशी तयार करणारी ऊती, लसिका अवयव ही त्याची आवडती ठिकाणं. पचनग्रंथीच्या नळ्यांच्या पेशी मात्र तो सोडून देतो. म्हणून तपासणीला कल्ल्यांचा किंवा पोहण्याच्या पायांचा तुकडा पाठवतात. डोळे मुद्दाम टाळतात, कारण त्यांतले घटक पीसीआर अडवतात.

दारं

धडधाकट कवच ही भक्कम भिंत असते. कोळंबीने कात टाकली, की ती काही काळ मऊ पडते. जखम झाली तरी तसंच. पण सर्वांत मोठं दार म्हणजे तोंड. मरणाऱ्या कोळंबीला बाकीच्या खातात आणि एका घासात असंख्य विषाणू पोटात जातात. खेकडेही रोग वाहतात, आणि कोकणात खाडीकाठच्या खाजणात बांध पोखरायला खेकडे असतातच. म्हणून भोवती जाळी लावतात आणि मेलेली कोळंबी दिसताच उचलतात.

कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाची लस चालत नाही. पाणी ३२-३३ अंशांवर राहिलं तर व्हेनामी जातीच्या कोळंबीत विषाणूची वाढ मंदावते, पण उघड्या तलावाचं पाणी तेवढं गरम ठेवणार कसं? तेव्हा उरतं ते तपासलेलं रोगमुक्त बीज आणि बाधित तलावाचं पाणी क्लोरीन मारल्याशिवाय खाडीत न सोडणं. शेजारचा शेतकरी त्याच खाडीतून पंपाने पाणी घेत असतो.